आमटीला रिझ नसतो

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: "माझं वय ४९. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी बारावीत. दोघं आपसात बोलतात त्यातलं निम्मं मला कळत नाही. परवा जेवताना मी सहज म्हणालो, 'आजच्या आमटीला काय रिझ आलाय!' दोघं एकमेकांकडे बघून हसली आणि ताटं उचलून आत गेली. हे शब्द मी शिकावेत का? शिकायचे तर कुठून? कुठे यादी मिळेल का? आणि मुलगी हल्ली आईलाही 'ब्रो' म्हणते, ते चालवून घ्यावं का?"

मी गेली २४ वर्षं डबिंगचे मराठी संवाद आणि सबटायटल्स लिहिते. माझं वय ५६, आणि ज्यांच्यासाठी लिहिते ती पडद्यावरची मुलं बहुतेक सोळा ते पंचविशीतली. त्यांच्या तोंडी एक शब्द जुना पडला तरी ते पात्र तिथल्या तिथे संपतं. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे.

आमटीपासूनच सुरुवात करते. 'रिझ' हा 'करिझ्मा' या शब्दाच्या पोटातला तुकडा. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२३ सालचा शब्द म्हणून तो निवडला होता. अर्थ असा, की बोलण्यावागण्यातून समोरच्याला आपल्याकडे ओढून घ्यायची हातोटी. त्यातही आवडत्या मुलीवर किंवा मुलावर छाप पाडायची. ही हातोटी माणसाकडे असते. आमटी छान होते, फक्कड होते, मुलांच्या भाषेत 'विषय हार्ड' होते, पण तिला रिझ येत नाही. तुमच्या मुलांच्या कानाला ते वाक्य कसं लागलं असेल? समजा, नुकतीच मराठी शिकलेला एखादा पाहुणा तुमच्याकडे जेवताना म्हणाला, "आजची आमटी फार लाघवी आहे." तुम्हीही हसला असता, आणि त्या हसण्यात पाहुण्याबद्दल राग नसता. शब्द खरा, अर्थही आसपासचा, फक्त भलत्या पाटावर बसलेला. मुलं तुमच्या वयाला हसली असं मनात धरू नका.

आता एक गंमत. मराठीत 'रिझवणे' आहेच. मन रिझवणे, सभा रिझवणे. इंग्रजी रिझशी त्याचं काडीचं नातं नाही, निव्वळ योगायोग आहे. पण अर्थ बघा किती जवळ येऊन उभा राहिलाय! हे आज रात्री जेवताना मुलांना सांगा. मी माझ्या भाचीला सांगितलं तेव्हा तिने फोन बाजूला ठेवला होता, आणि पुढचा अर्धा तास आम्ही असे जुळे शब्द शोधत बसलो होतो.

यादीबद्दल. याद्या ढिगाने मिळतात, पण माझ्या कामात त्यांचा उपयोग झालेला मला आठवत नाही. यादीत शब्दासमोर अर्थ असतो. तो शब्द कुणी, कुणाला, कुठल्या सुरात म्हणायचा हे नसतं, आणि या बोलीत सगळी मेख तिथेच आहे. 'सीन' हा शब्द घ्या. "आज संध्याकाळी काय सीन?" म्हणजे बेत काय. "तिथे जाम सीन झाला" म्हणजे भांडण, तमाशा. "आपला सीन नाही" म्हणजे जमणार नाही. "त्यांचा सीन चालू आहे" म्हणजे जे तुम्हाला वाटतंय तेच. कुठल्याही यादीत तुम्हाला याचा एक अर्थ मिळेल, आणि उरलेल्या तीन ठिकाणी तो तुम्हाला तोंडावर पाडेल.

किंवा 'भावा', 'भाऊ' आणि 'भाई'. मूळ एकच. 'भावा' म्हणजे मित्र. बरोबरीचा अनोळखी मुलगाही 'भावा' असतो, आणि हल्ली मुलीही एकमेकींना बिनदिक्कत म्हणतात. 'भाऊ' म्हणजे रिक्षावाला, दुकानदार, किंवा चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या असतात ते. 'भाई' म्हटलं की त्यात दरारा आला, काही वस्त्यांत धाकही आला. तुमचा मुलगा एखाद्या नव्या ओळखीच्या माणसाला यातली कुठली हाक मारतो हे ऐकलंत, तर त्या माणसाबद्दल बरंच काही कळून जाईल.

म्हणून मी मुलांना "याचा अर्थ काय?" असं विचारत नाही. त्यावर "काही नाही गं" एवढंच उत्तर येतं, कारण अर्थ सांगणं त्यांनाही अवघड असतं. मी विचारते, "हे तू आजीला म्हणशील? सरांना? नुकत्याच ओळख झालेल्या मुलीला? मला?" या चार प्रश्नांवर मुलं खुलतात. "आजीला? वेडी आहेस का!" म्हणतात आणि मग कारण सांगू लागतात. त्या कारणातच मला पात्र सापडतं. तुम्हीही एक शब्द धरून हे करून पाहा. फक्त एका बैठकीला एकच शब्द, त्याहून जास्त विचारलं की त्याची परीक्षा होते.

माझ्या कामातली एक बारीक गोष्ट सांगते. डबिंगमध्ये पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतात तिथे आपल्या शब्दातही ओठ मिटणारं अक्षर लागतं, म्हणजे प, फ, ब, भ, म. कॅमेरा जवळ असेल तर ही चूक प्रेक्षकाला लगेच खटकते. इंग्रजीतला पोरगा 'ब्रो' म्हणतो तेव्हा ओठ आधी मिटतात. वर्षानुवर्षं आम्ही तिथे 'यार', 'अरे' असलं काहीतरी घालत होतो आणि ते तोंडावर बसायचं नाही. मग 'भावा' वर आला. तोही मिटलेल्या ओठांनी सुरू होतो, तेवढाच आटोपशीर, तेवढाच जिव्हाळ्याचा. तो शब्द मला कुठल्या कोशात मिळाला नाही, अभ्यासिकेबाहेर चहा पिणाऱ्या मुलांकडून मिळाला.

आणि एक चूक. २०१६ च्या सुमाराला एकोणीस वर्षांच्या एका पात्राच्या तोंडी मी 'झकास' लिहिलं. आवाज द्यायला आलेला मुलगा त्याच वयाचा. तीन टेक झाले, तिन्ही पडले. चौथ्याला त्याने हेडफोन काढला आणि नम्रपणे म्हणाला, "ताई, हे माझे काका म्हणतात." त्याने 'कडक' सुचवलं. पहिल्याच टेकला ओके. मला त्या दिवशी खरा धक्का बसला. 'झकास' जुना झाल्याचं मला कळलंच नव्हतं, कारण मी ज्यांच्यात वावरत होते त्यांच्यात तो अजून ताजा होता.

तुम्ही मागे पडत चाललात का, याचं उत्तरही यातच आहे. शब्द संगतीने येतात. सतराव्या वर्षी जागेपणीचा बहुतेक वेळ बरोबरीच्या मुलांत जातो, आणि त्याच वयात एकीकडे आईवडिलांपासून व दुसरीकडे धाकट्यांपासून आपला गट वेगळा आहे हे दाखवायची निकड असते. बोलण्यातले नवे शब्द ते काम फुकटात करतात. भाषेचा समाजाच्या अंगाने अभ्यास करणारेही हेच सांगतात, की ही बोली पौगंडावस्थेत आणि विशीच्या सुरुवातीला सर्वांत दाट असते. पुढे नोकरी, सासर, मुलंबाळं. दिवसभरात वीस वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या माणसांशीही बोलावं लागतं, तेव्हा गटाचे शब्द गळतात किंवा आहेत तिथेच थांबतात. तुमचे बहुधा ९५-९६ च्या कट्ट्यावर थांबले असतील: पकाऊ, फंडा, सॉलिड, शायनिंग मारणे, पोपट होणे. तुमच्या मुलीचेही एक दिवस थांबतील. यात कुणाचा दोष नाही, आणि धावून गाठण्यासारखंही काही नाही.

कुठला शब्द टिकेल आणि कुठला जाईल, याचा मात्र अंदाज येतो, आणि ते कळलं की निम्मे कष्ट वाचतात. एखाद्या व्हिडिओला किंवा विनोदाला बांधलेला शब्द त्या विनोदाबरोबर जातो. 'सिक्स सेव्हन' ऐकलं असेल, दोन्ही तळवे वर-खाली करत पोरं ओरडतात ते. त्याला धड अर्थ नाही. तरी डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ सालचा शब्द म्हणून तोच निवडला. तो शिकायच्या भानगडीत पडू नका. पण जो शब्द कशालाही चिकटतो तो राहतो. माझी आई 'भारी लुगडं' म्हणायची ते महाग या अर्थाने. आज सिनेमा भारी, पाऊस भारी, सरही भारी. 'मस्त' हा मुळात फारसी शब्द, नशेत असलेला, माजावर आलेला. हत्तीला लावत असत. 'मस्तवाल' म्हणताना तो अर्थ अजून जागा होतो, पण चहा मस्त झालाय म्हणताना कुणाला हत्ती आठवत नाही. 'अफलातून' म्हणजे तर प्लेटो! ग्रीक तत्त्ववेत्त्याचं अरबी नाव फारसीतून आपल्याकडे आलं आणि आपण ते मिसळीला लावतो. आणि ज्याशिवाय तुमच्या आईचाही फोन संपत नसेल तो 'ओके' २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायच्या चेष्टेतून छापून आला. तो त्या काळच्या चेष्टेखोर मंडळींचा 'सिक्स सेव्हन'च होता. म्हणजे माझा नियमही दर वेळी खरा ठरतोच असं नाही.

मी वही ठेवते. शब्द, पूर्ण वाक्य, तारीख आणि ऐकल्याची जागा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन टोळक्यांत तोच शब्द ऐकला तरच तो संवादात वापरते. आणि ज्या दिवशी तो जाहिरातीच्या होर्डिंगवर दिसतो, त्या दिवशी त्याच्यावर काट मारते, कारण मुलांनी तोवर तो सोडलेला असतो.

ऐकायचं कुठे? पुण्यात राहून हा प्रश्न पडायला नको. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हापासून माझं निम्मं काम त्या डब्यात होतं. सकाळी आठ ते दहा, खिडकीकडे बघत उभं राहायचं. फोनवर काही टिपायचं नाही, मुलांच्या तोंडाकडे बघायचं नाही. आयडियल कॉलनीपासून गरवारेपर्यंत एखादं भांडण, एखादं प्रेम आणि किमान दोन नवे शब्द मिळतात.

आणि एक गैरसमज पुण्यात फार आहे, त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. मुलांची भाषा म्हणजे सगळी अमेरिकेतून आलेली, असं आपण धरून चालतो. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत एखाद्या अभ्यासिकेच्या दाराशी रात्री साडेनऊला उभे राहा. स्पर्धा परीक्षांसाठी लातूर, बीड, नांदेड, सांगली, कोल्हापूरहून आलेली पोरं तिथे मेसचं जेवून चहाला आलेली असतात. कॉट बेसिसवर एका खोलीत चार जिल्हे राहतात, म्हणजे चार बोली एका खोलीत झोपतात. 'नाद खुळा', 'विषय हार्ड', 'जाळ अन् धूर संगटच' हे असे कोल्हापूरच्या पंचगंगेच्या बाजूने येऊन पुण्यात रुजले. रीलमुळे वेग वाढला खरा, पण रुजवलं या पोरांनी. माझ्या तरुणपणी कॉलेजात 'लय' म्हणणाऱ्या मुलाला लोक हसायचे. तो मुलगा महिन्याभरात 'खूप' म्हणायला शिकायचा आणि वर्गात कमी बोलायला लागायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आज कोथरूडच्या सोसायटीतली मुलगी 'लय भारी' म्हणते आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नाही. मला याचा फार आनंद होतो. तुमच्या मुलांच्या बोलण्यातले शब्द एकदा मांडून बघा. इंग्रजी किती आणि आपल्याच महाराष्ट्रातले किती, ते पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

शिकावेत का, असं तुम्ही विचारलंत. काही शब्द कळायलाच हवेत, कारण त्यांच्या आत मुलांचं आयुष्य चाललेलं असतं. मुलगी मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "त्याने मला घोस्ट केलं," तर समजा की रोज बोलणारं कुणीतरी कारण न देता एकदम गप्प झालंय, मेसेजला उत्तर नाही, फोन नाही. त्या रात्री ती कमी जेवली तर कारण आमटीत शोधू नका. मुलगा मित्राला म्हणाला, "दोन बॅक आहेत, वायडी बसणार," तर दोन विषय राहिलेत आणि इयर डाउन, म्हणजे वर्ष जायची भीती त्याला वाटतेय. तो हे हसत म्हणेल. याच वयाच्या एका मुलाने आईसमोर 'वायडी' हा शब्द तीन आठवडे उघडपणे वापरला होता आणि तिला तो कॉलेजच्या एखाद्या कार्यक्रमाचं नाव वाटत होता. नंतर तिला झालेलं दुःख मी पाहिलंय. याउलट "मी मेले!" किंवा मेसेजमधली कवटी पाहून घाबरू नका, ते पोट धरून हसणं आहे. पण तेच वाक्य एकटीने, हळू आवाजात, हसू नसताना आलं तर शब्दकोश बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसायचं.

बोलायचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. कानाने सगळं घ्या, जिभेवर फक्त आपसूक येईल तेवढंच. मोठ्या माणसांनी असं काही केलं की 'शिंगं मोडून वासरांत शिरतोय' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पूर्णपणे पटत नाही. वासरांत जावं, त्यांच्याबरोबर चरावं, फक्त शिंगं मोडू नयेत. तुम्ही 'पकवू नकोस' म्हणालात तर मुलांना ते उत्तम कळतं आणि तुमच्या तोंडी शोभतं, कारण तो शब्द तुम्ही जगलायत. उलट दिशेनेही वाहतुकीला रस्ता मोकळा ठेवा. माझी भाची माझ्याकडून 'पाचकळ' उचलून गेली. 'क्रिंज' (बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं) आणि 'लेम' (अगदीच फुसकं) या दोन्हींच्या मधली जागा त्याने बरोबर भरली. आता तिच्या टोळीत "काय पाचकळ जोक आहे, भावा" चालतं, आणि ते ऐकताना मला अभिमान वाटतो.

आता 'ब्रो'. 'अरे' हा शब्द व्याकरणाने पुरुषासाठी. तरी तुमची मुलगी "अरे आई, ऐक ना" म्हणतेच, आणि तुम्हीही बायकोसमोर "अरे वा!" म्हणता. तिथे 'अरे' कुणाला उद्देशून उरलेला नाही, तो नुसता उद्गार झालाय. 'ब्रो'चं तेच झालंय. "ब्रो, काय गरम होतंय!" या वाक्यात आईला भाऊ केलेलं नाही. अनादर मोजायचा असेल तर तो सुरात मोजा, शब्दात सापडणार नाही. आपण वडिलांना 'अहो बाबा' म्हणत वाढलो, तुमची मुलं बहुधा 'ए बाबा' म्हणतात. हा बदल 'ब्रो'पेक्षा कितीतरी मोठा, आणि तो आपण आपल्या हाताने, प्रेमाने केला. तरीही चालवून घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार मुलीच्या आईचा. तिला ते टोचत असेल तर तिने एकदा सरळ सांगावं, "मला नाही आवडत." तुम्ही तिच्या वतीने सांगू नका.

आणि मुलाला विचारा, त्याच्या कॉलेजची एकांकिका यंदा 'पुरुषोत्तम'ला, म्हणजे कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला आहे का. असेल तर पावसाळ्यात एक दिवस भरत नाट्य मंदिरात जाऊन मागच्या रांगेत बसा. "अरे आवाज कुणाचा!" हा आरोळा तुम्ही तुमच्या कॉलेजसाठी दिला असेल किंवा निदान ऐकला असेल. तो शब्दाला शब्द तसाच आहे. त्याच्यानंतर पडदा उघडला की मुलं जे बोलतात ते ऐका, आणि परत येताना रिक्षात मुलाला त्यातला एकच शब्द विचारा: हा तू आजीला म्हणशील का?